खुडूक कोंबडीचं गणित

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग घेते. पट २३. यंदा शाळेत पंचवीसेक चित्रपुस्तकं आली. वाचून दाखवायला घेतलं की पाच मिनिटांत पुस्तक संपतं. मागची मुलं ‘बाई, दिसंना’ म्हणत उठतात नि गोंधळ होतो. मुख्याध्यापक विचारतात, “गोष्टी झाल्या, आता पाठ कधी?” चित्रपुस्तकातून पाठ घ्यायचा तरी कसा?
— एक शिक्षिका, अकोले तालुका

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून मला माझी एक फजिती आठवली. दुसरीचा वर्ग होता. कोंबडीचं पान उघडलं आणि ठरवून आणलेले प्रश्न सुरू केले : अंडी किती? रंग कोणता? पुढच्या रांगेत एक मुलगी होती, जूनपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, “बाई, ही खुडूक हाय.” (खुडूक म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवायला बसू पाहणारी.) मी म्हटलं, “आधी अंडी मोज.” झालं, पोरगी गप्प बसली ती बसलीच.

मधल्या सुट्टीत भातावर बसताना तिला विचारलं, खुडूक कशावरून? तिनं उठून पुस्तक आणलं आणि बोट ठेवलं. पिसं फुललेली, मान आत ओढलेली, पंख जरा पसरलेले. चित्रकारानं नेमकं काढलं होतं. बारा वर्षं नोकरी झालेल्या मला ते दिसलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी तिचं वाक्य तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं : ‘ही कोंबडी खुडूक हाय.’ ‘हाय’चं ‘आहे’ केलं नाही, ते पुढे आपोआप होतं. तिनं बोट फिरवत वाक्य वाचलं. धडा अजून वाचता येत नव्हता, हे मात्र आलं, कारण ते तिचंच होतं. त्याच आठवड्यात तिच्या आजीनं खरी कोंबडी अंड्यांवर बसवली. पिल्लं निघायला २१ दिवस लागतात. कॅलेंडरवर रोज एक जण फुली मारायचा, किती झाले आणि किती उरले ते सांगायचा. अंडी ११, पिल्लं निघाली ८. हातच्याची वजाबाकी पुस्तकात यायची होती, पण ‘३ नासली’ हे वर्गात कुणाला शिकवावं लागलं नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की पुस्तक वाचायची घाई करू नका. पहिल्या दिवशी एक अक्षरही वाचू नका. नुसती पानं दाखवा आणि ‘काय काय दिसतंय?’ विचारून गप्प बसा. गप्प बसणं आपल्याला सगळ्यात जड जातं. दुसऱ्या दिवशी वाचा, पण पान उलटण्याआधी थांबा. ‘आता काय होईल?’ हे पोरं स्वतःच ओरडतील. हा गोंधळ चालू द्या, तो कामाचा आहे. पाठ तिसऱ्या दिवशी, आणि तो मुलांनी जे पाहिलं त्यातनं. एक पुस्तक आठवडाभर पुरतं.

‘दिसंना’वर उपाय सोपा आहे. बाकं भिंतीला सरकवून मुलांना सतरंजीवर अर्धगोलात बसवा. पुस्तक स्वतःसमोर न धरता खांद्याच्या बाजूला, पानं मुलांकडे करून धरा आणि तिरक्या नजरेनं वाचा. त्यासाठी घरी तीनदा वाचलेलं असावं. तरी २३ जण जास्तच आहेत. दुसरीला वहीत चित्र काढायला बसवा, तोवर पहिलीला घ्या, मग उलट.

एक गोष्ट मात्र सोडाच : ‘या गोष्टीतून काय शिकलो?’ मी विचारायचे तेव्हा माझा वर्ग एका सुरात सांगायचा, “खोटं बोलू नये.” गोष्ट पावसाची होती!

पुस्तकं कपाटात ठेवू नका. मीही ठेवायचे, डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत नोंद असते, फाटलं तर वसुली होईल ही भीती. मग खिडकीला दोरी बांधून चिमट्यांनी लटकवली. फाटली, तर मुलांनीच तांदळाच्या खळीनं चिकटवली. आणखी हवी असतील तर ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट यांची बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. मोबाइलवर मात्र दाखवू नका, २३ डोकी एका काचेवर आदळतात.

राहिले मुख्याध्यापक. त्यांच्याशी वाद घालू नका, टाचण, म्हणजे काय शिकवणार त्याची नोंद, नीट लिहा. माझ्या त्या आठवड्याच्या टाचणात असं आहे : चित्रवाचन, वाक्यवाचन, १ ते २१ गणन, वजाबाकी. साहित्य : पुस्तक, कॅलेंडर, कोंबडी. खाली साहेबांची सही आहे.