मुलाला अल्टर बॉय व्हायचंय, पाठवू का?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन नागपुरात आलात, मुलगा नऊ वर्षांचा, फर्स्ट कम्युनियन (पहिला प्रसाद घेण्याचा विधी) झालंय, आता अल्टर बॉय, म्हणजे मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) फादरना मदत करणारा, घंटा वाजवणारा मुलगा व्हायचं म्हणतो आणि चर्चमधल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बातम्या वाचून तुमची हिंमत होत नाही.

पाठवा. माझा मुलगा तीन वर्षं करतोय. फक्त त्याआधी घरी एक बोलणं उरकून घ्या, कन्फेशनबद्दल, म्हणजे फादरना एकट्यात आपली पापं सांगतात त्याबद्दल.

चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवतात की कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाही सांगत नाहीत. मुलं त्याचा उलटा अर्थ लावतात. एका रविवारी मिस्सानंतर तर्री-पोहे खाताना मी सहज विचारलं, "फादर काय म्हणाले रे?" त्याने तोंडावर बोट ठेवलं. "सीक्रेट असते ना मम्मी, सांगितलं तर पाप लागते." माझा चमचा हातातच राहिला. चर्चच्या कायद्यात गुप्ततेचं बंधन ऐकणाऱ्या फादरवर आहे, कन्फेशन देणाऱ्यावर नाही. मी त्याला म्हटलं, तुझी पापं तू ठेव, मला नकोत. पण तिथे कुणी काय विचारलं, कुठे हात लावला, ते मला सांगितलं तर पाप लागत नाही. "काऊन नाही लागत?" यावर अर्धा तास गेला. पण घरी नियम ठरला: वाढदिवसाचं सरप्राइज चालेल, कारण ते चार दिवसांनी उघडतंच. "मम्मीला सांगू नको" असं जो म्हणेल, त्याचं आधी मम्मीला सांगायचं. मग तो फादर असो, सिस्टर, मामा की वरच्या वर्गातला दादा.

आपल्या घरांत फादर आले की कपाटातले चांगले कप निघतात. निघू देत, मीही काढते. पण या माणसाविरुद्ध बोललं तर कुणी खरं मानणार नाही, असा हिशोब मूल त्या कपांवरून मांडतं. मी दहा वर्षांची असताना क्वायरच्या सरावाला जायच्या वेळी रडायचे. आईने मला आळशी ठरवलं. शिकवणारा फादरबिदर नव्हता, ओळखीतलाच, मला घरी सोडून द्यायचा म्हणून आईच्या लेखी देवमाणूस. मी बोलले ते पस्तिशीत. म्हणून मूल एखाद्या ठिकाणी जायला कुरकुर करू लागलं की मी आधी तिथे कोण असतं ते विचारते.

"कपड्यांवरून हात लावला तरी सांगायचं" हे वेगळं सांगा, मुलांना ते मोजण्याजोगं वाटत नाही. मुलांचं सोडा, आपल्या हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठालाही वाटलं नव्हतं. 2016 मध्ये इथे एका बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून घरात नेणाऱ्या माणसाच्या खटल्यात, त्वचेला स्पर्श नाही म्हणून पॉक्सोखालचा (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचा) लैंगिक हल्ला नाही, असा निकाल जानेवारी 2021 मध्ये आला. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला तो रद्द केला.

पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चमध्ये गेलात की सॅक्रिस्टीचं, म्हणजे मिस्साच्या तयारीच्या खोलीचं दार बघा. मुलं झगे चढवतात तेव्हा ते उघडं असावं आणि आत मोठं माणूस एकटं नसावं. सरावाचे निरोप पालकांच्या ग्रुपवर यावेत, मुलाच्या मोबाइलवर नाही. रात्रीचा कॅम्प असेल तर कोण कुठे झोपणार हे बिनधास्त विचारा. कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे. ऑफिसात आणखी एक विचारा: तक्रार आली तर कुणाकडे जाते? पोप फ्रान्सिस यांच्या 2019 च्या आदेशाने प्रत्येक धर्मप्रांतात तक्रारीची सोय सक्तीची आहे, आणि तक्रार करणाऱ्याला गप्प राहायची अट घालता येत नाही.

पण ती चर्चची आतली वाट. "आधी बिशपना भेटू, घरातलं घरात मिटवू" यात पडू नका. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे कळवायचं ते पोलिसांना. माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि हाताखालच्या माणसाचं झाकणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. काय करायचं सुचेना तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन लावा. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी येतात, वर्दीत नाही. मुलाचं नाव बाहेर फोडणं हाही गुन्हा आहे. घालून होता ते कपडे धुवू नका आणि तेच तेच खोदून विचारू नका. "मला सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि मग रडायचं असेल तर बाथरूममध्ये जाऊन रडा.

माझा मुलगा आता घंटा वाजवतो, बऱ्याचदा चुकीच्या वेळी. मी दुसऱ्या रांगेत बसते, जिथून सॅक्रिस्टीचं दार दिसतं.