दहा मिनिटांचा उशीर आणि पूर्ण दिवसाचा खाडा

प्रश्न : रबाळे येथे पुठ्ठ्याची खोकी तयार करणाऱ्या कारखान्यात मी उत्पादन व्यवस्थापक आहे. चाळीस कामगारांपैकी सोमवारी आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी सहा-सात जण हमखास गैरहजर असतात. म्हणून बोटाच्या ठशाची हजेरी सुरू केली, दहा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास अर्ध्या दिवसाची कपात लावली आणि एका दिवसाच्या आजारालाही डॉक्टरांचा दाखला सक्तीचा केला. तीन महिन्यांत खाडे उलट वाढले. ही माणसे मुळातच कामचुकार आहेत, की माझे काही चुकते आहे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या पत्रातील ‘मुळातच’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. कामगाराला स्वभावतःच काम नकोसे असते, म्हणून त्याला धाकात ठेवावे लागते, या समजुतीला डग्लस मॅकग्रेगर या अमेरिकन अभ्यासकांनी १९६० मध्ये ‘एक्स सिद्धांत’ असे नाव दिले. माणूस योग्य परिस्थितीत जबाबदारी स्वतःहून घेतो, ही धारणा म्हणजे ‘वाय सिद्धांत’. त्यांचे म्हणणे असे की, व्यवस्थापक ज्या समजुतीने नियम करतो, त्या नियमांखाली माणसे तशीच वागू लागतात आणि मग व्यवस्थापकाला आपला समज खरा ठरल्यासारखा वाटतो.

आपल्याच नियमाचे उदाहरण घ्या. दिवा स्टेशनहून येणारा कामगार ठाण्याला उतरतो, पूल चढतो आणि रबाळ्याकडे जाणारी ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल डोळ्यांदेखत सुटते. फाटकाशी पोहोचायला पंधरा मिनिटे उशीर होणार, म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार गेलाच, हे त्याला तिथेच कळते. मग तो घरची राहिलेली कामे आठवून परत फिरतो. पंधरा मिनिटांचा उशीर मस्टरवर पूर्ण दिवसाचा खाडा होतो. दाखल्याचेही तसेच आहे : डॉक्टरांची फी भरायचीच, तर एका दिवसाच्या तापासाठी दोन दिवसांचा दाखला का घेऊ नये? शिवाय वेतनविषयक कायद्यानुसार गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते, त्यामुळे आपला नियम तिथेही टिकणारा नाही.

सारा दोष समजुतीचा, असे मात्र मी म्हणणार नाही. मुलाचे आजारपण, गावाकडची लग्ने, लांबचा प्रवास ही कारणे खरीच असतात, आणि वारंवार खाडे पाहून व्यवस्थापकाचा विश्वास उडणेही स्वाभाविक आहे. परंतु मेयर आणि ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलेला भेद आपल्याला उपयोगी पडेल : नोकरीत कोणी मनापासून टिकतो, कोणी टिकणे कर्तव्य मानतो म्हणून, तर कोणी दुसरी नोकरी नाही म्हणून. कपातीच्या धाकाने फार तर हा तिसरा टिकून राहतो. सोमवारी सकाळी अंग मोडून आलेले असतानाही कामाला निघणारा बहुधा पहिलाच असतो.

अर्ध्या दिवसाची कपात आधी रद्द करा आणि उशीर पाळीच्या शेवटी भरून काढण्याची मुभा द्या. खाड्यानंतर कामावर आलेल्याला मुकादमाने सर्वांसमोर जाब विचारण्याऐवजी बाजूला घेऊन कारण विचारावे आणि ते नोंदवून ठेवावे. दोन महिन्यांच्या त्या नोंदींत दोन-तीन जण खरोखर दांडीबहाद्दर निघतील. त्यांच्याशी मस्टर समोर ठेवून स्वतंत्रपणे बोलावे, उरलेल्यांना त्यात ओढू नये.