मीटरवरचा आकडा आणि आरसीवरचं नाव

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून मध्यम आकाराची क्रॉसओव्हर घेतली. बिलावर त्याने ‘रनिंग ५२,००० किमी’ असं लिहून दिलंय. गाडी घरात सगळ्यांना आवडली : ऐसपैस, उंच, खड्ड्यात खाली घासत नाही. चार महिन्यांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स धक्के मारू लागला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने जुनी नोंद काढली, तर दोन वर्षांपूर्वीच गाडी १,०४,००० किमी चाललेली! डीलर म्हणतो, ‘सेकंडहँडला गॅरंटी नसते, तुम्ही चालवून बघूनच घेतलीत.’ आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे. गिअरबॉक्सचा खर्च वसूल होईल का?

उत्तर : गिअरबॉक्सवर भांडायला मी तुम्हाला पाठवणार नाही. तिथे डीलर म्हणेल तुम्ही गाडी वेडीवाकडी चालवली, तुम्ही म्हणाल आधीपासूनच खराब होती, आणि तज्ज्ञांच्या मतांत वर्ष जाईल. तुमचं खरं प्रकरण बिलावरच्या त्या एका ओळीत आहे. ती त्याने लिहिलीय आणि ती खोटी आहे.

डीलरचं म्हणणं अगदीच पोकळ नाही, हेही सांगतो. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, माल तपासून घेतला असेल तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता असा दोष नंतर विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही. टायर गुळगुळीत होते, दार वाजत होतं, अशा तक्रारी इथेच संपतात. पण मागे फिरवलेलं मीटर दोन किलोमीटरच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कोणाला दिसणार? शिवाय कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असावा लागतो. ‘५२,००० किमी’ हे वर्णनच आहे.

आता डीलर पुढची खेळी करेल : ‘मीटर आधीच्या मालकाने फिरवलं, मला काय ठाऊक?’ तेव्हा तुमच्या बाजूचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे तो आधीचा मालकच. त्याच्याशी भांडू नका, त्याला फोन करा. गाडी देताना मीटरवर किती होतं, डिलिव्हरी नोट आहे का, मीटरचा फोटो काढला होता का, विचारा. तो मदत करेल असं मला वाटतं, कारण सध्या तोही अडकलेला आहे. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव तो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात हेच म्हटलंय : गाडी विकली तरी नोंदणी बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर. उद्या तुमच्या हातून कोणाला धडक बसली तर नोटीस त्याच्या घरी जाईल. हे त्याला शांतपणे सांगितलंत की कपाटातले कागद आपोआप सापडतात.

आणखी एक धागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये द्यावी लागते, आणि गाडी कोणी, कशासाठी, किती चालवली याचं इलेक्ट्रॉनिक ट्रिप रजिस्टर ठेवावं लागतं. डीलरला पाठवायच्या नोटिशीत हे रजिस्टर मागा. मिळालं तर आकडा कुठे बदलला ते कळेल. रजिस्टरच नसेल, अधिकारपत्रच नसेल, तर तेही ग्राहक आयोगापुढे बोलतं.

तुमच्या आरसीचं मात्र आजच बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे एकाच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलल्याचं आरटीओला कळवायचं असतं. ‘आम्ही करून देतो’ म्हणत सह्या केलेले कोरे फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून राहतात. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांच्या भांडणांत हे नेहमीचंच. मालकीबदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या, आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ बघा. विमा तुमच्या नावावर नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.

मग मागायचं काय? दोन वाटा आहेत : गाडी परत करून पैसे घ्यायचे, किंवा गाडी ठेवून किमतीतला फरक आणि दुरुस्ती मागायची. आकडा खोटा आहे हे कळल्यावरही तुम्ही महिनोन्‌महिने गाडी फिरवत राहिलात, तर करार मान्य केला असं समजलं जातं आणि परत करायची वाट बंद होते. तुमच्या पत्रातल्या ‘सगळ्यांना आवडली’वरून मला वाटतं, तुम्हाला गाडी ठेवायचीच आहे. तसं असेल तर फरक मागा आणि मोकळे व्हा. परत करायची असेल तर नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या आणि गाडी उभी करा.

पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस पोचपावतीसह पाठवा. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत दिलेल्या किमतीचे दावे तिथे चालतात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतात आणि वकील लागतोच असं नाही (हे माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय). मुदत दोन वर्षं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. गाडी डीलरऐवजी एखाद्या शेजाऱ्याकडून घेतली असतीत तर आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयात जावं लागलं असतं.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, देता येते. पण ‘दिवाणी मामला आहे’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

सर्व्हिस सेंटरची जुनी नोंद सही-शिक्क्यानिशी घ्या, नुसता स्क्रीनचा फोटो नको; संगणकातली नोंद पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आणि मेकॅनिक कितीही घाई करो, लेखी तपासणी अहवाल हातात पडेपर्यंत आणि डीलरला येऊन बघण्याची लेखी संधी देईपर्यंत गिअरबॉक्स उघडू देऊ नका. उघडल्यावर जुने भाग भंगारात टाकू न देता नाव-तारीख लावून घरी आणा.