पेटीवाल्याचा डावा हात

प्रश्न : मुंबईच्या जुन्या हॉटेल-बँडांबद्दल वाचताना टेडी वेदरफोर्ड हे नाव सारखं येतं. हा पियानोवादक कोण, आणि अमेरिका सोडून इकडेच का राहिला?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : वेदरफोर्ड यांचा जन्म १९०३ चा, व्हर्जिनियातला. जॅझ पियानो शिकले न्यू ऑर्लिन्सला, नाव झालं शिकागोत. तिथल्या व्हेंडोम थिएटरात मूकपटांना साथ करणारा अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद होता. त्याच्या १९२६ च्या ध्वनिमुद्रिकांत ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँग यांचं आहे आणि पियानो वेदरफोर्ड यांचा. त्याच वर्षी ते जॅक कार्टर यांच्या बँडबरोबर आशियात आले. शांघायमध्ये त्यांनी चांगलाच जम बसवला. १९३४ साली अमेरिकन ट्रम्पेटवादक बक क्लेटन यांचा बँड शांघायला आला, तो वेदरफोर्ड यांच्यामुळेच. त्यानंतर मुंबईचं ताज आणि युद्धकाळात कोलकात्याचं ग्रँड हॉटेल. २५ एप्रिल १९४५ रोजी कोलकात्यात ते कॉलऱ्यानं गेले, अवघ्या ४१ व्या वर्षी.

अमेरिकेत त्या काळी वेदरफोर्ड यांच्यासारख्या कृष्णवर्णीय वादकाला पुढच्या दारानं हॉटेलात शिरणंही अवघड होतं. इथं त्याच प्रकारच्या हॉटेलात बँड त्यांच्या नावानं वाजत होता. पण जॅझचा इतिहास लिहिला गेला तो अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिकांवरून. एवढा मोठा वादक त्यात कोपऱ्यात राहिला, हे फार वाईट झालं.

गोव्याचा धागा याच काळातला. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शावियेर वाझ, मुंबईत गाजले ते याच सुमारास. पुढे ते सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. गोव्याच्या वादकांना मागणी होती, कारण चर्चच्या शाळांत मेस्तांकडून, म्हणजे संगीतशिक्षकांकडून, ते लहानपणीच सोल्फा (डो-रे-मी ही स्वरनामं) आणि नोटेशन शिकलेले असत. कागद समोर ठेवला की वाजवायला सुरुवात.

वेदरफोर्ड ऐकाल तेव्हा आधी डावा हात ऐका. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खाली खर्जातला स्वर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मध्यात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर. या शैलीला स्ट्राइड म्हणतात. बास आणि ठेका ही दोन्ही कामं तो एकच हात करतो.

प्रश्न : मी भजनाला आणि नाट्यसंगीताला पेटीची साथ करतो. जॅझ पियानो शिकायचा आहे. उजवा हात चालतो, डावा मुळीच नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : डावा चालत नाही, कारण पेटीवर तो भाता मारतो. त्याच्या बोटांना स्वरांची सवयच नाही. तेव्हा स्ट्राइडच्या उड्या आत्ता नकोत. त्याआधी दोन स्वरांच्या जोड्या बसवा.

जॅझमध्ये सतत भेटणारी तीन कॉर्डची एक चाल आहे : डी मायनर सेव्हन्थ, जी सेव्हन्थ, सी मेजर सेव्हन्थ. पांढरी एक हा सा धरला तर पहिल्या कॉर्डमध्ये रे म ध सां, दुसऱ्यात प नि रें मं, तिसऱ्यात सा ग प नि. कॉर्डचा पहिला स्वर हा तिचा मूळ स्वर. तिथून सप्तकात मोजत गेल्यावर येणारा तिसरा आणि सातवा स्वर तेवढा ठेवा, बाकीचे सोडा. तुमचा सां पियानोच्या मधल्या सीवर येऊ द्या. आता डाव्या हातात आधी म–सां, मग म–नि, मग ग–नि. करंगळी म वर स्थिर, अंगठा सां वरून नि वर उतरतो. पुढच्या वेळी अंगठा स्थिर आणि करंगळी म वरून ग वर. दर वेळी एकच बोट हलतं, तेही अर्ध्या स्वरानं. जॅझच्या डाव्या हाताचा पाया एवढाच.

शेवटची जोडी ग–नि. हे दोन्ही स्वर कोमल केले की तुम्ही आपोआप एक पूर्ण स्वर खालच्या पट्टीच्या पहिल्या कॉर्डवर पोचता. तीच चाल तिथून पुन्हा. असं सहा पट्ट्या फिरून मूळ पट्टीत याल. उरलेल्या सहासाठी काळी एकवरून निघा. जोडीतला खालचा स्वर मधल्या सीच्या एक सप्तकापेक्षा खाली जाऊ लागला की जोडी उलटी करा, म्हणजे पहिल्या कॉर्डमध्ये सातवा खाली आणि तिसरा वर. नाहीतर आवाज गढूळ होतो.

मेट्रोनोम ६० वर लावा, पण त्याचा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजा. पहिली आणि तिसरी तुम्ही मनात मोजायची. सम पक्की असलेल्या माणसाला सुरुवातीला हे उलटं वाटतं. रोज वीस मिनिटं दिलीत तर पंधरा दिवसांत अंगवळणी पडायला हरकत नाही.

मग त्याच तीन कॉर्डसाठी चार-चार स्वर : म ध सां गं, म ध नि गं, ग प नि रें. यांत मूळ स्वर कुठेच नाही आणि तो मुद्दाम सोडलेला आहे. बासवादक तोच स्वर वाजवत असतो. तुम्ही खाली तोच दाबलात तर दोघांचीही वाट लागते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. पेटीची साथ म्हणजे गवयाच्या मागोमाग जाणं. जॅझमध्ये ट्रम्पेटवाल्याच्या मागोमाग त्याचीच सुरावट वाजवलीत तर त्याची जागा अडते. तो श्वास घेईल तिथं दोन छोटे कॉर्ड द्या, एरवी गप्प राहा. आणि पियानोत भाता नाही. लहानमोठा आवाज बोटाच्या वेगातून येतो, म्हणून सरावाला दाबायला जड अशा ८८ पट्ट्यांचं वाद्य हवं. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे बोटात येत नाही.

प्रश्न : घरात जुना उभा पियानो आहे. दर पावसाळ्यात काही पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. तेल सोडावं का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : अजिबात नको. तेल आतल्या लोकरीच्या नमद्यात (फेल्टमध्ये) मुरतं, धूळ धरतं आणि पुढल्या वर्षी दुप्पट त्रास होतो. आधी दोष कुठे आहे ते पाहा. पट्टी हातानं वर उचलूनही जड लागत असेल, तर तिच्या खालच्या खिळ्याभोवतीचा नमदा दमटपणानं फुगलाय. पट्टी लगेच वर येते पण आतली हातोडी रेंगाळते, असं असेल तर हातोडीचा सांधा आवळलाय. पहिलं काम ट्यूनर खास पकडीनं नमदा किंचित दाबून दहा मिनिटांत करतो. दुसऱ्याला वेळ लागतो.

पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे वीतभर जागा सोडा. खोलीत आर्द्रतामापक लावा. काटा ६० टक्क्यांच्या आसपास राहायला हवा. गोव्याच्या जुलैत त्यासाठी दारंखिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर चालवावाच लागतो.

ट्यूनिंग पावसात करून घेऊ नका. ओलीनं तारांमागची लाकडी ध्वनिफळी फुगते, मधल्या तारा चढतात. त्या तेव्हा उतरवून घेतल्या तर डिसेंबरात हवा कोरडी झाल्यावर बेसूर होतात. पाऊस संपून दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि नोव्हेंबरात ट्यूनरला बोलवा. त्याला तारा ताणणाऱ्या खुंट्या घट्ट बसतात का तेही तपासायला सांगा. ढिल्या असतील तर सूर महिनाभरही टिकणार नाही.