बाईंना विचारा : इग्वासूला पायी फिरताना

गेल्या अंकात बोलता बोलता इग्वासूचं नाव निघालं आणि या महिन्याच्या टपालात बाकी सगळे प्रश्न मागं पडले. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या सीमेवर, जंगलाच्या मधोमध, इग्वासू नदी कड्यावरून खाली येते. धबधबे सुमारे २७५, कड्याची लांबी सुमारे २.७ किलोमीटर. दोन्हीकडे पावणेतीन, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. माझी लेक नोकरीनिमित्त ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहरात होती, म्हणून मला तिथं दोनदा जाता आलं, २०१६ साली आणि २०१९ साली. नाहीतर कराडच्या भूगोलाच्या बाईंनी तो नकाशातच दाखवला असता.

आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘गाइडसह पायी फेरी, ३ तास’ असं छापलंय आणि त्याचे पैसे वेगळे लावलेत. वाटा आखलेल्या आहेत, पाट्या आहेत असं ऐकतो. मग गाइड कशाला? (सेवानिवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

वाट चुकू नये म्हणून गाइड घेत असाल तर घेऊ नका. तिथं वाट चुकायची सोयच नाही. लोखंडी जाळीचे पूल, दोन्ही बाजूंना कठडे, फाट्याफाट्यावर बाण. पहिल्या खेपेला मीही तुमच्यासारखाच हिशेब केला होता. आम्ही तिघं दार उघडायलाच आत शिरलो, जंगलातून जाणाऱ्या छोट्या आगगाडीत बसलो आणि थेट ‘गार्गांता देल दियाब्लो’ गाठलं. म्हणजे सैतानाचा घसा. घोड्याच्या नालेच्या आकाराची ती कपार आहे, पाणी तीन बाजूंनी सुमारे ८० मीटर खाली जातं. मला काय दिसलं? पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं, चष्म्यावर पांढरं. दहा मिनिटांत चिंब झालो, मोबाइल पिशवीतून काढता येईना, मागून गर्दीचा रेटा. सगळ्यात मोठं आधी पाहून टाकलं, त्यामुळं नंतरच्या अडीचशे धारा म्हणजे जेवण झाल्यावर वाढलेली कोशिंबीर. खालच्या फेरीच्या, म्हणजे धारांच्या पायथ्याकडून जाणाऱ्या वाटेच्या, निम्म्यात आम्ही बाकावर बसलो ते तासभर उठलोच नाही.

दुसऱ्या खेपेला लेकीनं गाइड ठरवली. पन्नाशीची बाई, तिथल्याच मिसियोनेस प्रांतातली, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात माते या चहासारख्या पेयाचं भांडं. ती दिवसभर चालता चालता घोट घेत होती. आधी घसा बघू म्हटलं तर सरळ नाही म्हणाली. खालच्या फेरीनं सुरुवात केली आणि पहिल्या मोठ्या धारेपाशी आम्हाला उभं करून म्हणाली, “पाण्याकडे बघू नका. पाण्याच्या मागं बघा.”

पाच मिनिटं काहीच दिसेना. मग एक काळा ठिपका धारेच्या आत घुसला. अक्षरशः आत, त्या कोसळत्या पडद्यातून! मागोमाग दुसरा, दहावा. आपल्या पाकोळीच्या जातीचा पक्षी आहे तो. तिथं त्याला ‘वेन्सेहो’ म्हणतात आणि अर्जेंटिनाच्या बाजूच्या उद्यानाचं चिन्ह तोच आहे. धारेमागच्या ओल्या कातळाला चिकटून त्यांची वस्ती असते, घरटीही तिथंच. पाण्याच्या पडद्याआड कुठलं जनावर पोचणार? तीन वर्षांपूर्वी याच कठड्याला टेकून मी वीस मिनिटं उभी होते आणि ते ठिपके मला वाऱ्यावर उडणारा पाचोळा वाटले होते.

गाइडचे पैसे मी त्या पाच मिनिटांसाठी देईन. पुढं तिनं पानं कापून वाहून नेणाऱ्या मुंग्यांची ओळ दाखवली. माझ्या घामेजल्या मनगटावर बसलेलं फुलपाखरू हलवू नका म्हणाली. त्याच्या पंखाखाली ‘88’ असा आकडा काढल्यासारखी नक्षी होती आणि ते माझ्या कातडीवरचं मीठ चाटत होतं. घशाशी पोचेपर्यंत दुपार झाली होती. तिथं तिनं ग्वारानी या तिथल्या आदिवासी लोकांची गोष्ट सांगितली. नाइपी नावाची मुलगी नदीतल्या म्बोई या सर्पदेवाला वाहिलेली होती, ती तारोबाबरोबर होडीतून पळाली, सर्पानं रागानं नदीच चिरली. नाइपीचा झाला खडक आणि तारोबाचं झालं काठावरचं झाड. एकमेकांकडे बघायचं, हात लागायचा नाही. गोष्ट पुस्तकातही सापडेल, पण ती त्या आवाजात ओरडून सांगावी लागते, त्यात मजा आहे.

आता तुमचे तीन तास. अर्जेंटिनाच्या बाजूला खालची आणि वरची फेरी प्रत्येकी साधारण दीड ते पावणेदोन किलोमीटर, घशापर्यंतचा पूल जायला सुमारे ११०० मीटर आणि यायला तेवढाच. हे तीन तासांत बसवलं तर गाइड पुढं पळणार आणि तुम्ही तिच्या छत्रीमागं. कंपनीला दोन गोष्टी विचारा : कुठल्या बाजूची फेरी आणि कुठल्या क्रमानं. ब्राझीलची बाजू आदल्या दिवशी करा. तिथं वाट छोटी आहे, पण समोर सबंध कडा एका नजरेत मावतो, कारण बहुतेक धारा पलीकडे अर्जेंटिनात आहेत. दुसरा अख्खा दिवस त्या धारांच्या अंगाशी जायला ठेवा. आणि हो, दोन देश म्हणजे दोन परवानग्या. एका देशातून दुसऱ्यात जाऊन परत पहिल्यात येणार असाल तर व्हिसा एकदाच प्रवेशाचा नाही ना, ते घरूनच बघून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यानं ब्राझीलची बाजू हॉटेलच्या खिडकीत बसून कल्पनेनं पाहिली.

आईचं वय ६८, गुडघे दुखतात, काठी आहे. तिला नेऊ का? (ठाणे)

न्या. घशापर्यंत आगगाडी जाते आणि पुढचा पूल सपाट आहे. वरच्या फेरीलाही पायऱ्या नाहीत, चाकाची खुर्ची जाते. खालच्या फेरीला मात्र पायऱ्या आहेत. तेवढ्या वेळ आईंना वरच्या वाटेवर सावलीला बसवा, माकडं करमणूक करतील.

काठीच्या टोकाला जाड रबर लावून घ्या, नाहीतर ते जाळीच्या भोकात अडकतं. आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. पायाखाली जाळी, जाळीखाली धावती नदी. आमच्या ह्यांना उंचीची भीती आहे हे लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर मला तिथं कळलं. ते ११०० मीटर माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे बघत चालले. आईंना तसं होत असेल तर त्यांनाही बघायला एक पिशवी द्या.

पिवळ्या तापाची लस खरंच लागते की एजंट घाबरवतात? (कोल्हापूर)

लागते. तिथं तापापासून बचावासाठी, आणि परत येताना कागदासाठीही. पिवळ्या तापाच्या यादीतल्या देशातून येणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर आपलंच सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. ब्राझील आणि अर्जेंटिना दोन्ही त्यात येतात. लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, त्याआधी प्रमाणपत्र लागू होत नाही. एकदा घेतली की आता जन्मभर चालते. २०१६ पासून दर दहा वर्षांनी घ्यायची भानगड गेली. मिळते फक्त सरकारमान्य केंद्रांवर, नाक्यावरच्या दवाखान्यात नाही. साठीच्या पुढं असाल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. हा सल्ला मी देणार नाही, मी भूगोलाची.

आम्ही शाकाहारी. डबा नेला तर चालेल का? (चिंचवड)

डबा न्या, पण तो माणसांनीच खावा. तिथं कोआती नावाचा प्राणी आहे. मुंगसाचं लांबट तोंड, शेपटीवर पट्टे, आणि स्वभाव आपल्या महाबळेश्वरच्या माकडांचा. टोळीनं येतात. खाऊ घालायला बंदी आहे आणि चावल्यावर हाताचं काय होतं त्याचे फोटो पाट्यांवर लावलेत, ते जेवणाआधी बघू नयेत असे. मी कराडहून नेलेल्या दशम्या एका कोआतीनं पिशवीची चेन उघडून नेल्या. फाडून नाही, उघडून! गाइड म्हणाली, पिशवी पाठीवर नको, पोटाशी धरा. तिनं हे सकाळीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

तिथं सगळीकडे चिपा मिळतो, चीज घातलेला छोटा पाव. त्याचं पीठ ज्या कंदाचं, त्याच कंदाचा आपला साबुदाणा. पण उपासाला चालेल का म्हणून विचारू नका, त्यात अंडं असतं.

बाई, फोटोत तिथला खडक आपल्या घाटासारखा काळा दिसतो. हा योगायोग आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पाटण)

या पत्राला मी सगळ्यात आधी उत्तर लिहिलं, छापलं मागं असलं तरी.

योगायोग नाही, तो आपलाच चुलता आहे. इग्वासूचा कडा बेसॉल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक पसरून गार झाले, तेच आपल्या सह्याद्रीत. आपला दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथला त्याच्या जवळजवळ दुप्पट जुना, १३ कोटी वर्षांच्या आसपासचा. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींपासून सुटू लागल्या त्या काळातला. त्याच लाव्हाचा तुटलेला तुकडा आज अटलांटिकच्या पलीकडे नामिबियात आहे. तुझ्या घरामागच्या डोंगरात कातळाच्या पायऱ्या दिसतात ना, एक उभा कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा? इग्वासूच्या बऱ्याच धारा दोन टप्प्यांत पडतात त्या याचमुळं. दोन थरांमधला कच्चा भाग पाणी आधी खातं, वरचा टणक थर अधांतरी राहतो आणि एक दिवस सुटतो. धबधबा असा मागं मागं सरकत आलाय.

मातीही बघ. मिसियोनेसमध्ये रस्त्याकडेची माती इतकी तांबडी की चपलांवरचे डाग धुऊन गेले नाहीत. बेसॉल्ट भरपूर पावसात लाखो वर्षं कुजला की लोह मागं उरतं. आपल्या कोकणातला तांबडा जांभा असाच होतो.

आणि नदी! इग्वासू कुरिचिबाजवळ उगम पावते, अटलांटिक समुद्राच्या अगदी कुशीत. पण समुद्राकडे न जाता त्याला पाठ दाखवून सुमारे १३०० किलोमीटर पश्चिमेला वाहत जाते आणि पाराना नदीला मिळते. महाबळेश्वरला अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना कृष्णा काय करते? वर्गात हा प्रश्न मी तीस वर्षं विचारला. कुरिचिबात लेकीच्या बाल्कनीत तिच्या शेजारणीला तोच विचारून बसले, आणि तिला उत्तर आलं, कारण नदी तिचीही तशीच.

तू पाटणचा आहेस म्हणून आणखी एक. पाराना नदीवर, इग्वासूच्या उत्तरेला, ग्वाइरा नावाचे धबधबे होते. पाण्याच्या आकारमानात जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. १९८२ साली इताइपू धरणाचा जलाशय भरला आणि ते बुडाले. गाइडनं हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच थर्मास खाली ठेवून बोलली. तिच्या आईनं ते पाहिले होते. माझं आजोळ कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. मी तिला ‘कोयना’ हा शब्द म्हणून दाखवला, तिनं मला ‘ग्वाइरा’ नीट म्हणायला शिकवलं. वीज दोन्हीकडे चांगली मिळाली, हेही आम्ही दोघींनी कबूल केलं.

दिवाळीच्या सुट्टीत जावं का? (नाशिक)

जा, तिथं तेव्हा वसंत असतो. पाऊस मात्र बारा महिन्यांत कधीही गाठतो. २०२३ च्या ऑक्टोबरात इतका पूर आला की घशाकडच्या पुलाचे भाग वाहून गेले. आधी चौकशी करा आणि एक दिवस जास्तीचा ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथला उन्हाळा. घाम आपल्या रत्नागिरीसारखा. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री चंद्रप्रकाशात घशापर्यंत गाइडबरोबर नेतात. माझी ती हुकली, कारण आकाश झाकलेलं होतं.

नायगरा मोठा की इग्वासू? पैज लागली आहे. (इयत्ता सातवी, इस्लामपूर)

उंची आणि रुंदी म्हणशील तर इग्वासू, सरासरी पाणी म्हणशील तर नायगरा. म्हणजे पैज कशावर लागली होती ते आधी मित्राला विचार. आणि पुढच्या पत्रावर पिन कोड लिही, तुझं हे पत्र आधी इचलकरंजीला जाऊन आलंय.