पार्लरमध्ये न जाता घरच्या घरी फेशियल नीट करता येते का, आणि ते कसे करावे?

पंधरा दिवसांवर बहिणीचे लग्न आले आहे, त्वचा तेलकट आहे, हनुवटीवर अधूनमधून मुरुमे येतात आणि पार्लरमधल्या महागड्या फेशियलऐवजी घरीच काही करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. निश्चित करता येते. मी काही वर्षे पार्लर चालवले आहे आणि तिथे खुर्चीवर बसवून जे केले जाते त्यातले बहुतेक सगळे स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी होते, हे मी खात्रीने सांगू शकते. घरचे फेशियल बिघडते ते काही कमी पडल्यामुळे क्वचितच. एकाच बैठकीत फार काही केल्यामुळे ते अधिक वेळा बिघडते.

फेशियलकडून काय अपेक्षा ठेवावी, हे आधी स्पष्ट असलेले बरे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. खालच्या थरात तयार झालेली पेशी तरुण वयात साधारण चार आठवड्यांत वर येऊन गळून पडते आणि वय वाढते तसा हा काळ लांबत जातो. आधीच सुटत आलेल्या पेशी काढणे, रंध्रांतले तेल मऊ करणे, मसाजने रक्तप्रवाह काही वेळापुरता वाढवणे आणि त्वचेत ओलावा टिकवणे, एवढेच काम फेशियल करते. त्याने वर्ण बदलत नाही. ‘गोल्ड’ किंवा ‘डायमंड’ नावाच्या किटनंतर दिसणारी चमकही मुख्यतः मसाजची आणि क्रीममधल्या स्निग्धतेची असते, सोन्याची नव्हे. म्हणूनच महिन्यातून एकदा फेशियल केले तरी पुष्कळ होते.

चेहरा सौम्य फेसवॉशने आणि कोमट पाण्याने धुवावा. अंगाचा साबण टाळावा, कारण निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५ च्या आसपास असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. त्यामुळे धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो. स्क्रबसाठी साखर, मीठ किंवा अक्रोडाच्या कवचाची भरड वापरू नये, त्यांच्या कडा टोकदार असतात. मसुराच्या डाळीचे वस्त्रगाळ पीठ दह्यात कालवून बोटांच्या टोकांनी एक-दोन मिनिटे हलक्या हाताने फिरवावे. मुरुमांवरून मात्र हात फिरवू नये आणि मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीन असलेले औषध चालू असेल, तर स्क्रबची पायरी पूर्णपणे वगळावी.

वाफेबद्दल एक समजूत अशी आहे की तिने रंध्रे उघडतात आणि गार पाण्याने मिटतात. रंध्रांना उघडमीट करणारे स्नायूच नसतात. वाफेने आतले तेल मऊ होते, इतकेच. पातेले ओट्यावर स्थिर ठेवून, चेहरा हातभर दूर धरून पाच मिनिटे वाफ पुरते, आणि घरात लहान मुले असतील तर पातेल्याऐवजी कोमट पाण्यात पिळलेला नॅपकिन चेहऱ्यावर ठेवणे अधिक शहाणपणाचे. ज्यांना गालांवर वांग आहेत त्यांनी वाफ घेऊच नये, उष्णतेने ते गडद होतात. लाल, दुखरी मुरुमे असतील तेव्हाही वाफ नको. वाफेनंतर ब्लॅकहेड्स काढण्याचा मोह होतो. पण नाकावर रांगेने दिसणारे बारीक करडे ठिपके बहुधा ब्लॅकहेड्स नसतात, तो तैलग्रंथींच्या नलिकांतला नैसर्गिक भराव असतो आणि काढला तरी काही आठवड्यांत परत येतो. खऱ्या ब्लॅकहेडचा काळेपणाही मळाचा नसतो, त्यामुळे घासून तो जात नाही. नखाने दाबण्याची सवय तर सोडावीच, विशेषतः नाक आणि वरचा ओठ यांच्या भागात, कारण तिथल्या शिरांचा मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांशी संबंध असतो आणि तिथला जंतुसंसर्ग क्वचित का होईना, गंभीर वळण घेऊ शकतो.

मसाज हा या सगळ्यातला सर्वांत गुणकारी भाग आहे आणि घरी सर्वाधिक हयगय त्याचीच होते. तुमची त्वचा तेलकट असल्यामुळे खोबरेल तेल वापरू नये, त्याने रंध्रे बुजतात. कोरफडीचे तयार जेल किंवा हलके, बिनवासाचे क्रीम घ्यावे. ताजी कोरफड वापरायची असेल तर पान कापून काही वेळ उभे ठेवावे आणि त्यातून गळणारा पिवळा चीक जाऊ द्यावा, कारण तो कित्येकांना खाजतो. हात धुऊन, अंगठ्या काढून, सुरुवात मानेपासून करावी. तळव्यांनी गळ्यावरून हनुवटीकडे, मग हनुवटीच्या मध्यापासून जबड्याच्या कडेने कानाकडे, नाकाच्या बाजूने गालफडांवरून कानशिलाकडे आणि शेवटी दोन भुवयांच्या मधून कपाळावर, असे सावकाश जावे. डोळ्यांभोवती फक्त अनामिका वापरावी, कारण तिचा जोर आपोआप कमी पडतो. भाकरी थापताना हात जसा हलका तरी सलग चालतो, तसा तो चालला पाहिजे; त्वचा ओढली जात असेल तर जेल कमी पडले आहे असे समजावे. दहा मिनिटे पुरतात. याने सुरकुत्या कायमच्या जात नाहीत, पण चेहऱ्यावरची सूज उतरते आणि घट्ट आवळलेला जबडा सैल होतो, आणि लग्नघरात त्याची गरज गोऱ्या रंगापेक्षा अधिक असते.

पॅकसाठी मुलतानी माती गुलाबपाण्यात भिजवून पातळ थर द्यावा. ही माती तेल शोषते, आणि पूर्ण वाळू दिली तर त्वचेतला ओलावाही ओढते. म्हणून कडा वाळू लागल्या की, म्हणजे दहा मिनिटांच्या आतबाहेर, ओल्या नॅपकिनने पुसून घ्यावी. कोरड्या त्वचेच्या बहिणीसाठी बेसन आणि साय उत्तम. हळद घालायचीच असेल तर चिमूटभर, आणि शक्यतो घरी दळलेली. आंबेहळदीचा डाग कमी पडतो. पॅक प्रथमच वापरत असाल, तर आदल्या दिवशी जबड्याखाली थोडा लावून पाहावा.

लिंबू आणि खाण्याचा सोडा या दोन वस्तू चेहऱ्यापासून दूर ठेवाव्यात, कितीही व्हिडिओंत त्या दिसल्या तरी. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या जवळ असतो, आणि तो लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखे फोड येऊन मागे काळे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात. त्याहून घातक म्हणजे औषधाच्या दुकानातून ‘गोरेपणाची’ म्हणून आणलेली ट्यूब. तिच्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल हे नाव छापलेले असेल, तर ते स्टेरॉइड आहे. काही दिवस चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते, मुरुमे आणि लव वाढते, आणि मलम थांबवताच चेहरा लालभडक होतो. असे मलम घरात कोणी बराच काळ लावत असेल, तर त्यांनी ते त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच बंद करावे.

आता वेळेचा प्रश्न. फेशियल आजच संध्याकाळी किंवा या आठवड्यात एकदा करून पाहावे, म्हणजे काही सोसले नाही तर बरे व्हायला दिवस मिळतात, आणि त्यानंतर लग्नापर्यंत स्क्रब करू नये. लग्नाच्या तीन-चार दिवस आधी केवळ मसाज आणि पॅक पुरेसा आहे. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीच फेशियलच्याच दिवशी करू नये. फेशियलनंतर रात्री मेकअप लावू नये, साधे मॉइश्चरायझर लावून झोपावे आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना एसपीएफ ३० चे सनस्क्रीन विसरू नये. तुमच्याकडे हळदीचा कार्यक्रम असेल, तर तिथे करवल्यांचा चेहरा आपोआपच पुरेसा घासला जातो; त्या दिवशी वेगळे काही करण्याची गरज नाही, फक्त हळद उतरवताना साबणाऐवजी थोडे दूध कापसावर घ्यावे.