पडद्यावरचा शून्य खरा शून्य नसतो

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅटलॅब या गणिती संगणकप्रणालीत पोलादाची विकृती (ताणामुळे लांबीत होणारा सापेक्ष बदल) ०.०००१२ आणि स्थितिस्थापकता गुणांक (ताण भागिले विकृती) २००००० एकाच ओळीत भरले. वर '१.०ई+०५ *' असं काहीतरी आलं आणि विकृतीच्या जागी ०.००००! माझा आकडा कुठे गेला?

उत्तर : कुठेही गेला नाही, बाळा. मॅटलॅबने दोन्ही आकड्यांतून एक लाख (तेच ते '१.०ई+०५') सामाईक बाहेर काढला आणि दशांशानंतर चारच स्थळं दाखवली. त्यात तुझी विकृती मावली नाही. आत मात्र ती सुमारे सोळा अंकांपर्यंत शाबूत आहे. 'फॉरमॅट लाँग जी' असा आदेश दे, दोन्ही आकडे सरळ दिसतील. नुसतं 'फॉरमॅट' लिहिलंस की पुन्हा मूळ रूप. यातल्या कशानेही आकडेमोड बदलत नाही.

धोका वेगळाच आहे. माझ्या प्रयोगशाळेत मुलं पडद्यावरचा आकडा वहीत उतरवतात आणि तोच पुढच्या गणितात हाताने भरतात. तसं कधीही करू नकोस, आकडा ज्या नावाने साठवलास ते चलाचं नावच वापर. १९६१ साली अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठात हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या संगणकी प्रतिमानाचं आधीचंच गणित पुन्हा चालवताना छापील कागदावरचा ०.५०६ भरला. यंत्राच्या आत होता ०.५०६१२७. सुरुवातीला आधीचा आणि नवा आलेख जुळले, आणि काही महिन्यांच्या आभासी हवामानानंतर त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध उरला नाही. गोंधळ सिद्धांताची (केऑस थिअरी : सुरुवातीच्या किंचित फरकातून पुढे प्रचंड फरक कसा पडतो याचा अभ्यास) वाट तिथून उघडली.

अहवालात मात्र सोळा अंक ओतू नकोस. तुझा विकृतीमापक जेवढं मोजतो, तेवढेच लिही.